पौर्णिमा चालते, मग शॅकचा दिवा का नको?

गोव्याच्या पेडण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: समुद्री कासवं किनाऱ्यावर पौर्णिमेलाही अंडी घालतात, मग शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींच्या, उजेडाचा बाऊ कशाला? घरट्यांना वन खातं कुंपण घालतंच. एलईडी तर पर्यावरणपूरक. आणि दिवे मालवले की धंदा बसलाच.

पौर्णिमेचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून आधी तोच. वाळूतून वर आलेलं पिल्लू आकाशाकडे बघत नाही. त्याची नजर आडवी. क्षितिजालगत जिकडे उजळ दिसेल तिकडे ते धावतं, माडांच्या काळोखाकडे पाठ करतं. काळोख्या किनाऱ्यावर ती उजळ बाजू समुद्राचीच. चंद्र वर असतो, त्याचा उजेड सगळीकडे पडतो, पाण्यावर तर चमकतोच. शॅकचा फोकस मात्र माडांच्याच बाजूने, थेट पिल्लाच्या डोळ्यांत. शिवाय पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), रस्त्यावरच्या दिव्याखाली तोच सहज दहाच्या घरात. मग पिल्लू उलटं चालतं, वाळूवर त्याच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या बारीक खुणा गोल गोल फिरत राहतात, आणि खेकडे, कुत्रे, उजाडल्यावर कावळे टपलेले असतातच.

कुंपणाने कुत्री अडतात, उजेड नाही. अंडी फुटायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. म्हणजे डिसेंबरातलं घरटं फुटणार जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत, ऐन पर्यटनाच्या मोसमात. आणि झगमगाट बघून मादी पाण्यातूनच माघारी फिरली, तर कुंपण घालणार कशाला?

एलईडी वीज वाचवतो, कबूल. पण पांढऱ्या एलईडीत निळा अंश जास्त आणि कासवाची पिल्लं त्याकडेच ओढली जातात. अंबर किंवा तांबडा दिवा पुष्कळ बरा.

धंद्याचं म्हणाल, तर मोरजी, आश्वे, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे मिट्ट काळोख करा असं कोणी म्हणत नाही. दिवा खाली घ्या, वरून टोपी बसवा, तोंड टेबलाकडे ठेवा, गिऱ्हाईक उठलं की बंद करा. लाटांवर फ्लडलाइट मारून ताटातला इसवण (सुरमई) काही जास्त चविष्ट लागत नाही! इथे अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, तेव्हा हे कोणाच्या मर्जीवरही नाही.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एका रात्री भरतीच्या रेषेवर उकिडवं बसून आपल्या शॅककडे बघावं. बल्ब थेट डोळ्यात खुपला, तर आधी तो फिरवा.