सहा टायर, एक स्टेपनी आणि ताईचा कडप्पा

दाजींनी जुनी स्कूलबस घेऊन तिचं फिरतं घर केलं, पलंग झाला, पंखा झाला, देव्हारासुद्धा झाला, आणि मग कुणीतरी टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचले, 2214. म्हणजे 2014 सालातल्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी अगदी शाबूत, कारण बस उभीच होती, पण बगलेला भेगा. उभ्या गाडीचे टायर झिजून नाही, वयाने जातात, हे दाजींना काही केल्या पटेना. "अहो नक्षी बघा की, नक्षी!"

बरं, बदलायचे तर कुठले? बसला होते 7.50-16, म्हणजे साडेसात इंच रुंद, सोळा इंची डिस्कवर बसणारे. टायरवाला म्हणाला, साहेब आता 8.25 टाका, बसला डौल येतो. आमचे नानामामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, ते म्हणाले आमच्याकडे 9.00-20 असायचे, त्याच्याखाली मी बोलत नाही. आणि भाच्याने मोबाईलवर बघून सांगितलं ट्यूबलेसच घ्या, 235/75R17.5.

आता हा नंबर बघा, रुंदी 235 मिलिमीटर, मग 75 टक्के आणि डिस्कचा व्यास 17.5 इंच. साडीची लांबी मीटरमध्ये, पदर टक्क्यात आणि फॉल इंचात सांगितल्यासारखं. टक्के कशाचे, तर टायरच्या रुंदीच्या 75 टक्के त्याच्या बगलेची उंची. सगळा गुणाकार केला तर टायर उभा भरतो 797 मिलिमीटर, आणि आपला जुना 7.50 साधारण 805. म्हणजे एवढं करून उंची जवळजवळ तीच आणि वर स्टेपनी धरून सात नवीन डिस्का! दाजींनी भाच्याला चहा आणायला पाठवलं.

8.25 चा मोह मात्र सुटेना. तो साधारण पाच सेंटिमीटर उंच, म्हणजे स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा बस 64 ने पळत असणार, हे ऐकून दाजी उलट खूशच झाले. मग नानामामांनी मागच्या जोडीत (मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असतात) हात घालून दाखवला. टायर दोन सेंटिमीटर रुंद झाला की आतल्या-बाहेरच्या टायरमधली फट तेवढीच कमी होते, वजनाने पोटं फुगली की दोघं एकमेकांना घासतात, तापतात, आणि आतला फुटला तर ड्रायव्हरला पत्ताच नाही. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलो तर मडगार्ड आहेच. मामा फार बोलत नाहीत, पण बोलले की खर्च वाचतो.

"आधी वजन करा," ते म्हणाले. एवढ्या चर्चेत हे कुणालाच सुचलं नव्हतं. सांगली भागात उसामुळे वजनकाट्यांना तोटा नाही, गेलो एकावर. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची, मग मामांनी बस तिरकी घेऊन फक्त डावी बाजू चढवली, मग उजवी. काटेवाला विचारतो, यात ऊस कुठाय?

जुन्या 7.50 वर भाराचे सांकेतिक आकडे लिहिले होते 122/118, म्हणजे चाक एकटं असेल तर 1500 किलो आणि जोडीत असेल तर 1320. जोडीत कमी, कारण दोघं भार सारखा कधीच वाटून घेत नाहीत. मागचे चार धरले तर 5280 किलो, आपलं मागचं वजन त्याच्या बरंच आत. पुढचंही आत. म्हणजे साइज मुळात बरोबरच होता, कंपनीने काही उगाच दिला नव्हता!

गडबड वेगळीच निघाली. डावी बाजू उजवीपेक्षा पाचेकशे किलोंनी जड. इतके दिवस डाव्या टायरात हवा कमी आहे म्हणून आम्ही पंक्चरवाल्याला पिडत होतो आणि तो बिचारा दरवेळी मोजून दाखवत होता. डावीकडे काय, तर पाण्याची टाकी, दोन बॅटऱ्या आणि ताईचा कडप्प्याचा ओटा. सगळे ओट्याकडे बघायला लागले. ताई म्हणाली, "प्लायवुडवर मी पोळ्या लाटणार नाही. हवं तर बारा टायर लावा." विषय संपला.

मग टाकी उजवीकडे न्यायची ठरली, चासीखाली, जिथे स्टेपनी टांगलेली असायची. बस सरळ झाली. टायर त्याच साइजचे घेतले, सातही एकाच बनावटीचे, रेडियल (म्हणजे 7.50R16), दुकानात चार आकडे वाचून. टायरवाल्याने डौल गेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली आणि ट्यूब आणि फ्लॅपचे (ट्यूब आणि डिस्कमधल्या रबरी पट्टीचे) पैसे वेगळे लावले.

राहिली स्टेपनी. टपावर चढवली तर पंक्चर झाल्यावर उतरवणार कोण, मागे लावली तर दार उघडत नाही. सध्या ती बाथरूममध्ये उभी आहे. आंघोळीला जाणाऱ्याने आधी ती बाहेर ढकलायची आणि नंतर परत आत घ्यायची, असा नियम ताईने केलाय, दाजी तेव्हापासून नदीवरच जातो म्हणतात.