‘डबीवर एका अक्षराने इशारा नाही’ : तुमचं म्हणणं खरं आहे

नमस्कार ताई,

सासूबाईंना शांत झोप लागावी म्हणून तुम्ही आमच्या अश्वगंधेच्या कॅप्सूल दिल्यात. 12 दिवसांत चिंता तसूभरही कमी झाली नाही, उलट छातीत धडधडायला लागलं. त्यांची थायरॉईडची गोळी सुरू आहे, आणि डबीवर त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. लिहिलं होतं ‘पूर्णपणे नैसर्गिक, पूर्णपणे सुरक्षित’. ती ओळ मीच टाकायला लावली होती. चूक माझी आहे, मनापासून माफी मागतो.

अश्वगंधेच्या मुळाचा अर्क थायरॉईडचे हार्मोन वाढवू शकतो. त्यात तेच हार्मोन पुरवणारी गोळीही चालू असली, तर ते गरजेपेक्षा जास्त होऊ शकतात. मग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. सासूबाईंचं कारण हेच होतं का, ते रक्त तपासल्यावर डॉक्टरच सांगतील. त्यांना एवढं नक्की सांगा : एका कॅप्सूलमध्ये 300 मिलिग्रॅम अर्क, दिवसाला 2. थायरॉईडची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.

‘जडीबुटीत काही दम नसतो’, हे तुमचं वाक्य मला पटत नाही. ताण आणि झोपेवरच्या चाचण्यांमध्ये अश्वगंधेने फरक पडलेला दिसतो. चाचण्या लहान होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी अर्क 8 आठवडे दिला होता. 12 दिवसांत गुण येईलच असं नाही. पण दम आहे म्हणूनच ती कुणालाही, कशाहीबरोबर देता येत नाही. हे मला डबी बाजारात आणण्याआधी सुचायला हवं होतं.

जुन्या डब्यांची विक्री थांबवली आहे. नव्या लेबलवर ठळक लिहितोय : गरोदरपणात घेऊ नये. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची औषधं, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, यकृताचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरात जुनी डबी असलेल्यांनी हेही वाचावं. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याची मोजकी पण खरी उदाहरणं नोंदली गेली आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

ताई, तुमचे पूर्ण पैसे परत करतो, उरलेली डबी पाठवायची गरज नाही. सासूबाईंची धडधड थांबली का, तेवढं कळवा.