ऑल्ट सोडू नका!

काल दुपारी ऑनलाइन बैठकीत चौदा सहकाऱ्यांच्या साक्षीने माझ्या संगणकावरील सत्तावीस उघड्या विंडोंची शिरगणती झाली. मला केवळ खर्चाचा तक्ता दाखवायचा होता.

दोष त्या फुकटच्या युटिलिटीचा, म्हणजे एका छोट्या मदतनीस प्रोग्रामचा, असे मी अजूनही म्हणतो. कीबोर्डवर ऑल्ट धरून टॅब दाबला की एका विंडोतून दुसरीत जाता येते, ही सोय विंडोजमध्ये मुळातच आहे. पण त्यातली चित्रे मला बारीक वाटली, म्हणून आदल्याच रात्री मी ही युटिलिटी बसवली होती. तिने काम चोख केले. सारा पडदा व्यापून तिने विंडो अशा मांडल्या, की प्रत्येकीतला मजकूर चष्म्याशिवाय वाचता यावा. आणि मी नेमका सारा पडदाच सर्वांना दाखवत होतो.

1992 च्या विंडोज 3.1 मध्ये ऑल्ट-टॅब दाबल्यावर एका वेळी एकाच प्रोग्रामचे नाव आणि चिन्ह येत असे. विंडोज 95 मध्ये चिन्हांची रांग आली, तरी ब्राउझरच्या चिन्हावरून आत काय चालले आहे हे कोणाला कळत नसे. 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने विंडोंच्या आतले दृश्यच दाखवायला सुरुवात केली आणि सव्वा लाखाची झाकली मूठ उघडी पडली. त्यात ही यादी नुकत्याच वापरलेल्या विंडोंच्या क्रमाने लागते. त्यामुळे बैठकीच्या पाठोपाठ पहिला मान मिळाला तो ‘बैठकीत लक्ष आहे असे कसे भासवावे’ या माझ्या इंटरनेटवरच्या शोधाला.

“थांबा,” आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “ऑल्ट सोडू नका.”

सोडला असता तर तो शोध पडदाभर उघडला असता; सोडला नाही, म्हणून तो चौकटीत सजून सर्वांसमोर तिष्ठत राहिला.

“तक्ता दुसऱ्या रांगेत दिसतो आहे. ‘खर्च अंतिम’. शेजारी ‘खर्च अंतिम नवा’. आणि अगदी खाली ‘खर्च खरोखर अंतिम’. यांतला कोणता हवा?”

“खालचा असावा.”

“मग वाटेत ‘राजीनामा मसुदा 4’ लागेल. दाबत राहा, मी मोजतो.” त्यांनी खरोखरच मोठ्याने मोजले. “अरेरे, पुढे गेलात. आता शिफ्टही धरा आणि उलटे या. सावकाश.” मग किंचित काळजीच्या सुरात, “आधीचे तीन मसुदे कुठे दिसत नाहीत ते?”

हे गृहस्थ स्वतः माइक बंद ठेवून दहा-दहा मिनिटे बोलतात, तेव्हा मी एका शब्दाने टोकत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. ऑल्टवरचा माझा अंगठा बधिर झाला होता. अखेर तो सुटला आणि पडद्यावर मसुदा 4 उघडला, तोही ‘आपल्या जाचाला कंटाळून’ या शब्दांपाशी.

बैठकीनंतर त्यांचा फोन आला. “अहो, ऑल्ट धरूनच एस्केप दाबला असतात, तर ती यादी तत्क्षणी नाहीशी झाली असती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलेत?”

“मला वाटले, तुम्ही काही शोधत आहात,” ते म्हणाले आणि त्यांनी युटिलिटीचे नाव विचारले.