पाचवा तास, योग

'स्थिरसुखमासनम्' हे सूत्र पतंजलींनी लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर सातवी 'ब' बसलेली नव्हती, एवढं नक्की. सातवी 'ब' स्थिर असली तर झोपलेली असते, आणि सुखात असली तर शेजारच्याला चिमटा काढून झालेला असतो. हे दोन्ही गुण एकाच वेळी साधायला वेळापत्रकात 35 मिनिटं आहेत. त्यातली 5 बूट-मोजे काढण्यात, 3 हजेरीत आणि 4 सतरंज्यांच्या घड्या घालण्यात जातात. उरलेल्या 23 मिनिटांत मी शरीर, श्वास आणि मन यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची.

विषय ऐच्छिक आहे. म्हणजे संगणक आणि चित्रकला भरली की उरतात ती मुलं योगाच्या इच्छेने येतात. त्यांच्यात दोन जाती. एकांचा अर्ज आईने भरलेला असतो, आणि दुसऱ्यांना 'योगाला गृहपाठ नसतो' ही बातमी लागलेली असते. मला दुसरी जात बरी वाटते. त्यांची इच्छा निदान स्वतःची असते.

तास मोठ्या सुट्टीनंतर असतो. पोटभर जेवणानंतर आसनांना साधारण 3 तास थांबावं असं आपण शिकवतो आणि खिचडी पोटात जाऊन इथे 10 मिनिटंही झालेली नसतात. त्यामुळे भुजंगासन, धनुरासन, पश्चिमोत्तानासन, म्हणजे पोट दाबणारं सगळंच बाद. कपालभातीचा तर प्रश्नच नाही. पवनमुक्तासन मात्र रिकाम्या पोटीसुद्धा घेऊ नये. त्याचं नाव फळ्यावर लिहिलं की निम्मा वर्ग गेला, आणि नावाप्रमाणे कोणी खरोखर मुक्त झालं की उरलेला. अगदीच घ्यायचं असेल तर नाव गिळून टाकावं आणि 'गुडघे छातीशी' एवढंच म्हणावं.

जेवणानंतर चालतं ते वज्रासन, म्हणजे पाय मागे दुमडून टाचांवर बसणं. तेही 2 मिनिटं, कारण तिसऱ्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात आणि 'मॅडम, माझा पाय गेला' असा आक्रोश सुरू होतो. या वयात हाडं भराभर वाढतात आणि मांडीमागचे स्नायू मागे राहतात. गेल्या वर्षी पायाचे अंगठे सहज धरणारा मुलगा आठवीत नडगीवर अडकतो, तो आळसामुळे नव्हे. टाच आणि बैठक यांच्यामध्ये सतरंजीची घडी द्यावी, आणि उभ्याने वाकताना गुडघे खुशाल किंचित वाकवू द्यावेत. मागून पाठ दाबून 'अजून, अजून' करणाऱ्या शिक्षकाला मी एक दिवस वज्रासनात बसवून ठेवीन.

सुरुवात ओंकाराने आणि शांततेने करावी, असं कुठल्याही पुस्तकात सापडेल. मधल्या सुट्टीतून आलेल्या 40 पोरांना गप्प बसवून ओंकार घेतला, तर 'ओ' एकटीने म्हणावा लागतो आणि 'म'च्या जागी खीःखीः येते. आधी आवाज खर्ची घालावा. त्यासाठी सिंहासन. गुडघ्यांवर हात, बोटं ताणलेली, डोळे वटारलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर, आणि श्वास सोडताना घशातून गर्जना. शिक्षिकेकडे बघून जीभ काढायची अधिकृत परवानगी शाळेत दुसरीकडे कुठे मिळत नाही. 5 गर्जना पुरतात. सहावीला शेजारच्या वर्गातून गणिताचे सर येतात.

मग उभं राहायचं. समोर उभी राहून मी 'उजवा हात वर' म्हणत माझा उजवा हात वर केला, की आरशात पाहावं तसे निम्मे डावा उचलतात. उरलेले आधी शेजाऱ्याकडे बघतात. मी माझा डावा उचलून 'उजवा' म्हटलं तर हुशार मुलं चूक दाखवायला हात वर करतात, तोही उजवा, त्यामुळे काम होतं. खात्रीचा उपाय म्हणजे 'खिडकीकडचा हात', 'दाराकडचा पाय'. मात्र त्रिकोणासनात कोणाला वळवू नये. खिडकी जागेवरच राहते आणि मुलं फिरतात.

वृक्षासन अनवाणीच. मोज्यांवर केलं तर फरशी वृक्षाला मुळासकट नेते. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा तळवा मांडीच्या आत किंवा पोटरीवर टेकवावा, गुडघ्यावर कधीही नाही, तिथे आडवा दाब पडतो. नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. ठिपका मी ठरवून देते, नाहीतर प्रत्येकाला मित्राचं नाक सापडतं. रांगा सरळ लावू नयेत. एकाचा तोल गेला की पत्त्यांच्या बंगल्यासारखी सगळी रांग खाली येते, आणि पडण्यात उभं राहण्यापेक्षा जास्त मजा आहे हे दुसऱ्या फेरीपर्यंत सर्वांना समजलेलं असतं. एकाआड एक, हाताच्या अंतरावर उभं करावं.

'दमलात, दुखलं, तर न विचारता बालासनात जा' हा नियम मी सगळ्यांसाठी ठेवते. बालासन म्हणजे टाचांवर बसून, पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवणं. पाळी असलेल्या मुलीला कारण सांगावं लागू नये, हा त्यातला खरा हेतू. नियम सांगितल्याबरोबर अख्खा वर्ग बालासनात जातो. जाऊ द्यावा. मिनिटाभरात कंटाळून सगळे उठतात, आणि जिला राहायचं असतं तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

'मॅडम, शीर्षासन कधी?' हा प्रश्न दर तासाला येतो. माझं उत्तर: कधीच नाही. मानेवर येणारा भार 40 जणांमागे एकटीला सांभाळता येत नाही. 'यूट्यूबवर तर एवढासा मुलगा करतो' यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण शाळेत देण्याजोगं नाही.

सगळ्यात अवघड आसन शवासन. हठप्रदीपिकेत लिहिलंय, मृतासारखं जमिनीवर उताणं पडावं. ग्रंथकर्त्याच्या मृताला खाज सुटत नव्हती, आणि शेजारचा मृत त्याच्या बगलेत बोट घालत नव्हता. डोकं कोणत्या दिशेला, हे आधी ठरवावं. डोक्याला डोकं आलं की गप्पा, डोक्याला पाय आले की मोज्यांची चर्चा. भिंतीकडे डोकी, मध्ये हातभर जागा, डोळ्यांवर स्वतःचा रुमाल. 'डोळे मिटा' म्हटलं की सगळे किलकिले करून कोण मिटत नाही ते बघतात. 4 मिनिटं पुरे. घंटेच्या किमान 6 मिनिटं आधी उठवायचं, उजव्या कुशीवरून. घंटेने उठलेला मृत थेट दप्तरावर पडतो, आणि सतरंज्या माझ्यावर.

त्यात 21 जून, योग दिन. बहुतेक महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भातल्या उन्हामुळे त्याहून उशिरा, म्हणजे तिथल्या शिक्षकांना निदान तक्रारीला जागा. आमच्याकडे पुस्तकंसुद्धा वाटून झालेली नसतात, आणि मैदानात 300 मुलांचं सामूहिक प्रात्यक्षिक हवं असतं, फोटोसहित. तेव्हा ताडासन घ्यावं. हात वर, टाचा वर, 3 श्वास. लांबून फोटोत सगळ्यांना येतंय असं दिसतं. पाऊस आला तर हात आधीच वर असतात, दप्तर डोक्यावर धरायचं तेवढं राहतं.