दर वाढले की घरं आपोआप सुधारतात?

ऊर्जेच्या दरांबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इमारतींना ऊर्जाकार्यक्षमतेचे नियम लावणं ही सरकारची लुडबुड आहे. वीज आणि गॅस महागले की लोक स्वतःच भिंतींना इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) करतात, चांगल्या खिडक्या बसवतात. ज्याला जास्त वापरायचंय तो जास्त बिल भरेल, इतरांनी त्यात पडू नये. नियमांनी फक्त घरं महागतात. इटलीचं काय झालं ते पाहा. शिवाय वाचलेली ऊर्जा लोक जास्त वापर करून उडवतात आणि कागदावरची बचत मीटरवर दिसतच नाही.

यातला शेवटचा मुद्दा खरोखर वजनदार आहे, त्यामुळे तो शेवटीच घेतो.

‘दर वाढले की लोक स्वतःच बदल करतात.’

करतात, पण कोणता बदल? ऊर्जेच्या मागणीवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर १०% वाढले तर वापर लगेच साधारण २% घटतो आणि दीर्घकाळात ६% च्या आसपास. लगेचची घट म्हणजे एसी बंद ठेवणं, हीटर कमी करणं, थंडीत दोन स्वेटर घालून बसणं. ती आधी कोणाच्या घरात होते हे वेगळं सांगायला नको. दीर्घकाळातली घट होते ती उपकरणं आणि इमारती बदलल्यामुळे. इमारत पन्नास-शंभर वर्षं उभी राहते, दर मात्र महिन्यामहिन्याला हलतात.

२०२२ मध्ये युरोपात या दाव्याची भरपूर परीक्षा झाली. नेदरलँड्सच्या टीटीएफ या वायूच्या घाऊक बाजारात दर मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) एरवी २० युरोंच्या आसपास असायचा, तो ऑगस्टमध्ये ३०० च्या वर गेला. मजकुराच्या हिशोबानं यापेक्षा स्पष्ट इशारा बाजार देऊच शकत नाही. सरकारांनी काय केलं? फ्रान्सनं त्या वर्षी घरगुती विजेची दरवाढ ४% वर रोखली. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण कुटुंबाचं वार्षिक बिल ऑक्टोबरपासून ३,५४९ पौंड होणार होतं, सरकारनं ते २,५०० च्या आसपास धरून ठेवलं आणि फरक तिजोरीतून भरला. मी त्यांना दोष देत नाही; लोकांना गारठू देणं कुठल्याही सरकारला परवडत नाही. पण मग हेही मान्य करायला हवं की दर जितका बोचरा, तितका तो ग्राहकापर्यंत पोचू न देण्याचा दबाव मोठा. ज्या दरानं लोकांना शहाणं करायचं, तो ऐन वेळी त्यांच्यापर्यंत पुरता पोचतच नाही.

ब्रिटनच्याच गोष्टीतला आणखी एक तपशील या मजकुरात कधी येत नाही. २०१६ पासून सगळी नवी घरं शून्य-कार्बन, म्हणजे वापरात हवेत निव्वळ कार्बन न सोडणारी असतील, असं तिथं २००६ मध्ये जाहीर झालं होतं. २०१५ च्या जुलैमध्ये सरकारनं तो बेत गुंडाळला, कारण बांधकाम व्यवसायावरचा बोजा कमी करायचा होता. त्यानंतर नेहमीच्या पद्धतीनं बांधलेल्या घरांत राहायला गेलेल्यांना २०२२ ची बिलं आली. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हटलं तरी खणायला वेळ लागतोच; भिंतींची कामं व्हायला कारागीर लागतात, पैसा लागतो, आणि तोवर बाजार पुन्हा उतरलेला असतो.

‘ज्याचं बिल, त्याचा निर्णय.’

मजकुरातलं सगळ्यात कच्चं गृहीतक हेच आहे, आणि ते इतकं साधं वाटतं की बहुतेक वाचक त्यावर थांबतही नाहीत. भिंतीची जाडी, छताचा थर, खिडकीची दिशा, काच एकेरी की दुहेरी, हे सगळं बिल्डर ठरवतो. तो एकही महिना ते बिल भरत नाही. घेणारा जागा बघायला येतो तेव्हा फरशी, ओटा, नळ बघतो. छतावर उष्णतारोधक थर आहे की नाही हे त्याला दिसत नाही, आणि विचारलं तरी उत्तर तपासता येत नाही. भाड्याच्या घरात तर गुंता आणखी पक्का. खिडक्या बदलण्याचा अधिकार मालकाचा, बिल भाडेकरूचं. दर दुप्पट झाले तरी मालकाच्या खिशाला झळ लागत नाही. भाडेकरूला झळ लागते, पण दुसऱ्याच्या भिंतीवर तो खर्च का करील? उद्या जागा सोडावी लागली तर?

जर्मनीत हे फार छान उघडं पडलं. इंधनावर कार्बन आकार (ते जाळल्यावर निघणाऱ्या कार्बनवरचं शुल्क) लावला, आणि तो सगळा भाडेकरूंनी भरला. मग २०२३ पासून कायदा करून तो आकार मालक आणि भाडेकरूत वाटावा लागला: इमारत जितकी वाईट तितका मालकाचा वाटा मोठा, सर्वांत वाईट इमारतींत ९५%. म्हणजे दराचा इशारा योग्य माणसापर्यंत पोचवायलासुद्धा नियमच लागला.

इतरांनी यात पडू नये, हेही बाजाराच्या रचनेत बसत नाही. बऱ्याच घाऊक वीजबाजारांत त्या तासाला चालवाव्या लागणाऱ्या सगळ्यात महाग वीजकेंद्राचा दर सगळ्या विजेला मिळतो. कडक उन्हात तापणाऱ्या छतांखाली हजारो एसी एकदम सुरू झाले की ते महाग केंद्र चालू करावं लागतं, आणि ज्यानं घर नीट बांधलंय त्याच्या विजेचा घाऊक दरही चढतो. टेक्सासमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली तेव्हा घाऊक दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर काही दिवस अडकून राहिला, म्हणजे युनिटला ९ डॉलर. लाखो घरांची वीज गेली. त्या रात्री कितीही भाव सांगितला तरी कोणाच्या छतावर इन्सुलेशन चढणार नव्हतं.

‘नियमांनी घरं महागतात. इटली पाहा.’

इटलीनं २०२० मध्ये जुन्या घरांच्या सुधारणेसाठी खर्चाच्या ११०% करसवलत दिली. खर्च दुसऱ्यानं भरायचा आणि वर १०% मिळायचे, मग घासाघीस कोण करील? तिजोरीवर १०० अब्ज युरोंहून जास्त भार पडला. योजना वाईट होती, वाद नाही. पण ती सवलत होती, नियम नव्हे. उलट तिच्यातून शिकायचंच असेल तर हे, की उभ्या इमारतीला नंतर सुधारणं किती महाग पडतं. पायाड पुन्हा बांधा, प्लॅस्टर काढा, माणसं हलवा. तेच काम बांधतानाच केलं तर मुख्यतः जास्तीच्या सामानाचा खर्च.

नियमानं वस्तू महागतेच असंही नाही. अमेरिकेतला सरासरी नवा फ्रिज १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे १,८०० युनिट खायचा. कॅलिफोर्नियानं आणि नंतर केंद्र सरकारनं मानकं लावली. २००० नंतर तो आकडा ५०० च्या आसपास आला. या काळात फ्रिजचा आकार वाढला आणि महागाई वजा केली तर किंमत उतरली. घर म्हणजे फ्रिज नव्हे, कबूल. एका साच्यातून लाखो घरं निघत नाहीत. तरी काचा, इन्सुलेशन, पंप कारखान्यातूनच येतात, आणि मागणी निश्चित असेल तर त्यांच्या किमतीही उतरू शकतात.

‘वाचलेलं लोक उडवतात.’

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सनं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच म्हटलं होतं: वाफेची इंजिनं काटकसरी झाली की कोळसा जास्त जळेल. घरांच्या बाबतीत हा परिणाम मोजला गेलाय. घर गरम ठेवण्यात वाचलेल्यापैकी साधारण १० ते ३०% परत खर्च होतं. उरलेली बचत राहते. आणि आधी कुडकुडणारं कुटुंब आता खोली थोडी उबदार ठेवत असेल तर मला त्यात उधळपट्टी दिसत नाही.

‘कागदावरची बचत मीटरवर दिसत नाही.’

हा तो वजनदार मुद्दा. कॅलिफोर्नियाचे इमारत-नियम १९७८ पासून लागू आहेत. २०१६ च्या एका अभ्यासात त्याआधीच्या आणि नंतरच्या घरांच्या विजेची तुलना केली. घराचा आकार आणि राहणारी माणसं लक्षात घेतल्यावर नव्या घरांची फारशी बचत सापडली नाही. फ्लोरिडात २००२ च्या नियमबदलानंतर वीज सुमारे ४% आणि वायू ६% वाचला. पुढच्या पाहणीत वायूची बचत टिकलेली होती, विजेची दिसेनाशी झाली होती. मिशिगनमध्ये जुनी घरं सुधारण्याच्या कार्यक्रमात अंदाजित बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त निघाली. नियमांची बाजू घेणाऱ्यांनी हे आकडे टाळू नयेत. अभियंत्यांचे अंदाज फुगलेले असतात, आणि नकाशावर दाखवलेला थर भिंतीत नीट बसलाय का हे अनेकदा कोणी पाहत नाही.

पण यातून ‘दर पुरेसे आहेत’ हे कुठे सिद्ध होतं? कॅलिफोर्नियातल्या जुन्या आणि नव्या घरांना विजेचे दर सारखेच लागत होते. त्या अभ्यासातून कळतं ते एवढंच, की त्या नियमानं त्या घरांत फारशी वीज वाचवली नाही.

उपाय सापडलेला आहे आणि काही ठिकाणी वापरातही आहे. ऑस्ट्रेलियात कार्यालयीन इमारतींना गुण मिळतात ते वर्षभराच्या प्रत्यक्ष वापरावर, आराखड्यावर नाही. २०१० च्या कायद्यानं मोठी कार्यालयं विकताना किंवा भाड्यानं देताना ते गुण जाहीर करणं सक्तीचं केलं. न्यूयॉर्क शहराचा २०१९ चा कायदा २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जनाची मर्यादा घालतो. ती २०२४ पासून लागू आहे आणि ओलांडली तर टनामागे २६८ डॉलर दंड आहे. दोन्हीकडे हिशोब मीटरच्या आकड्यावरून होतो आणि तो मालकाच्या दारात जातो. मजकूर लिहिणाऱ्याला कागदी बचतीचा खरंच राग असेल, तर त्यानं असले नियम मागायला हवेत.