हिटरचा जळका वास: ताई, तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी रविवारी रात्री वाचला आणि सोमवारी सकाळी तुमच्या खोलीतला हिटर ओसरीवर आणून खोलला. उत्तराला आठ दिवस लागले ते यामुळेच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला काही लिहायचं नव्हतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिखलदऱ्याला आमच्या होमस्टेत उतरलात. रात्री हिटर लावताच जळका वास सुटला, मुलगी खोकायला लागली. आमच्या पोराला बोलावलं तर तो म्हणाला, "चालू राहू द्या थोडा वेळ, जाते तो वास." वास गेला तर नाहीच, उलट मासळी सडल्यासारखा झाला. तुम्ही हिटर बंद केला, खिडकी उघडली आणि रजया पांघरून थंडीत रात्र काढली. शेगडी मागितली, तीही मिळाली नाही. सकाळी गिझरच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास. तुम्ही आम्हाला दोन तारे दिलेत.

आधी पहिल्या वासाचं सांगतो. चिखलदरा साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात इथे धुकं दारातून घरात येतं, चपलांवर बुरशी चढते. आमचे हिटर फेब्रुवारीत माळ्यावर जातात ते थंडी पडली की खाली येतात. तुमचा हिटर खोलला तेव्हा दांड्यांवर धुळीचा थर होता, बोटाने उचलला तर लोकरीसारखा निघाला. मागच्या चकचकीत पत्र्याला कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, फोडलं तर आत वाळलेले कोळी. दांडा लाल झाला की हे सगळं भाजतं आणि खोलीभर वास पसरतो. नुसती धूळ असेल तर हा वास पंधरा-वीस मिनिटांत उतरतो, पण लहान मुलाला किंवा दमेकऱ्याला तेवढाही पुष्कळ होतो. ती धूळ आम्ही पाहुणे यायच्या आधी झटकायला हवी होती, हिटर बाहेर अर्धा तास पेटवून ठेवायला हवा होता. ते आमचं काम होतं आणि ते झालं नाही.

आता तो मासळीचा वास. खरं सांगतो, तुमची ती ओळ वाचून मला क्षणभर वाटलं की तुम्ही वाढवून लिहिलंय. त्या दिवशी स्वयंपाकघरात मासे शिजलेच नव्हते, आमच्या पोरालाही तुम्ही वाढवून सांगताय असंच वाटलं होतं. परतवाड्याहून वायरमन भाऊंना बोलावलं आणि तुमची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली. त्यांनी हिटरला हातही लावला नाही, सरळ भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले. बोर्ड उघडला तर सॉकेटचं एक भोक करपून तपकिरी झालेलं, आतला स्क्रू ढिला, वायरीचं वेष्टन कडक होऊन तडकलेलं. प्लगची एक पिन एका बाजूने काळी पडली होती. 2,000 वॅटचा हिटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. जोड ढिला असला की एवढा करंट तिथेच तापतो, आणि सॉकेटचं ते प्लास्टिक करपायला लागलं की मासळीसारखा वास येतो. भाऊ म्हणाले, "बाईंचं नाक बरोबर होतं."

त्या बोर्डाच्या वर हातभर अंतरावर पडदा लोंबतो. आमच्या पोराचं ऐकून तुम्ही हिटर चालू ठेवला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पोराला मी रागावलो नाही, कारण "जाते तो वास" हे वाक्य त्याने माझ्याच तोंडून ऐकलेलं आहे. आता आमच्याकडे नियम एकच: पाहुण्याने वास येतो म्हटलं की हिटर आधी बंद, मग बोलणं. आमच्याकडेच नव्हे, घरीही लक्षात ठेवा, धुळीचा वास कमी कमी होत जातो, वायरीचा किंवा प्लास्टिकचा वाढत जातो. वाढणारा वास आला की बटण बंद करा. बटणच गरम लागत असेल तर सरळ मेन बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडा.

गिझरच्या वासाने गॅस गळतोय की काय अशी भीती वाटली, असं तुम्ही लिहिलंत. गिझर विजेचा आहे, गॅसचा तिथे संबंध नाही. ती खोली रंगकामासाठी महिनाभर बंद होती आणि बोअरचं पाणी टाकीत तसंच साचून राहिलं. अशा पाण्यात वाढणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. टाकी दोनदा रिकामी करून पाणी कडक तापवलं, आता वास नाही.

शेगडीबाबत मात्र मी माघार घेणार नाही. माझ्या आजीच्या घरी शेगडी रात्रभर असायची, पण ते कवेलूचं घर होतं, फटीफटीतून हवा खेळायची. आता वर स्लॅब, खिडक्या घट्ट. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वासच नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. तुम्ही पुन्हा आलात आणि कितीही थंडी असली, तरी खोलीत शेगडी देणार नाही. रजई हवी तेवढी देईन, गरम पाण्याची पिशवी देईन.

चारही खोल्यांचे सॉकेट आणि वायरी नव्या टाकल्या. तुमचा हिटर आणि त्याचा प्लग दोन्ही बाद केले. त्या रात्रीचं भाडं, तुम्ही ज्या खात्यातून पाठवलं होतं त्याच खात्यात काल परत पाठवलं आहे. तारे वाढवा असं मी म्हणणार नाही, जे घडलं तेच तुम्ही लिहिलंत.

मुलीचा खोकला आता कसा आहे, तेवढं कळवा.