नर्सबाईंचा सत्कार झाला हे वाचून फार बरं वाटलं

आरोग्य उपकेंद्रात आयुष्य काढलेल्या आरोग्यसेविकेला निवृत्तीच्या दिवशी आख्ख्या गावाने निरोप दिला, ही बातमी वाचून खरंच डोळे भरून आले. नियमाप्रमाणे एका उपकेंद्राकडे 5000 लोकसंख्या, डोंगरी आणि आदिवासी भागात 3000, आणि ते सगळं वाड्यावस्त्यांवर पसरलेलं, म्हणजे चालणं किती होत असेल विचार करा.

मी अशाच एका सिस्टरना लसीकरणाच्या दिवशी जवळून बघितलंय. सकाळी आईसपॅक बाहेर काढून ठेवायच्या आणि मग एकेक कानाशी धरून हलवून बघायच्या, आत पाणी खळखळलं की मगच चार पॅक लसींच्या डब्यात, कारण एकदम कडक बर्फ लावला तर काही लसी गोठून वाया जातात. कोणी बघत नसलं तरी रोज तेच, कधी घाई केली नाही. बाळ रडायला लागलं की आधी आईला धीर द्यायच्या.

पोलिओच्या वेळी दारोदार जाऊन डाव्या करंगळीला मार्करची खूण, दारावर खडूने तारीख, सुटलेल्या पोरासाठी परत फेरी, ते पण यांनीच केलं ना. 13 जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओच्या मूळ नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूचा एकही रुग्ण नाही आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, त्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा फार मोठाय.

शाल-श्रीफळ दिलं ते छानच केलं, पण बाईंची पेन्शनची फाईल पण वेळेत हलवा, आणि त्यांच्या जागेवर नवीन सिस्टर लवकर द्या, पद रिकामं ठेवू नका प्लीज.

बाई, तुम्हाला मनापासून नमस्कार 🙏